जाम नदीचा झेंडा आणि बढतीचा सामना

नागपुराहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पांढुर्णा हे गाव लागते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत पांढुर्णा आणि सौसर हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा निघून त्याचा स्वतंत्र जिल्हाही झाला. सरकारी कागद हिंदीत असतो, परंतु पोळा मराठी आहे, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जे घडते त्याचे नावही अस्सल मराठी आहे : गोटमार.

त्या दिवशी पहाटे जाम नदीच्या पात्रात मधोमध पळसाचे झाड रोवतात व त्यावर झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. सावरगावकरांनी झाड राखावयाचे. पांढुर्णेकरांनी ते तोडून झेंडा चंडीमातेच्या देवळात न्यावयाचा. शस्त्र एकच, नदीचा गोटा. नियम कोठे लिहिलेले नाहीत, पण पोराटोरांना पाठ आहेत. या खेळाच्या उगमाविषयी दोन कथा सांगतात. एक, पांढुर्ण्याचा तरुण सावरगावची मुलगी घेऊन नदी ओलांडत असता दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव झाला व ती दोघे पात्रातच गतप्राण झाली. दुसरी, नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा हा युद्धसराव होता. दोन्ही दंतकथाच. मला पहिली अधिक जवळची वाटते, कारण सावरगावकर त्या झाडाकडे आपली लेक म्हणून पाहतात, आणि सैन्याच्या सरावात कोणी लेकीला मध्ये घेत नाही.

गोमंतकातील वाचकाला हे रानटी वाटेल. तो फुटबॉलवर पोसलेला आहे. पण त्याच्या आवडत्या खेळाचे मूळ अशाच एका ओढ्यात भिजलेले आहे. इंग्लंडातील डर्बीशायरमध्ये ॲशबोर्न नावाचे गाव आहे. तेथे लेंट या उपवासकाळाच्या तोंडाशी दोन दिवस सारे गाव एका चेंडूसाठी झुंजते. हेनमोर ओढ्याच्या उत्तरेस जन्मलेले एका बाजूला, दक्षिणेस जन्मलेले दुसऱ्या बाजूला. दोन्ही गोल सुमारे तीन मैलांच्या अंतराने. शेजारच्या डर्बी शहरातील असाच खेळ १८४६ मध्ये सरकारने सैन्य आणून बंद पाडला. ॲशबोर्नचा मात्र आजही चालू आहे.

धाकाने खेळ थांबतो, सुधारत नाही. फुटबॉल सुधारला तो १८६३ मध्ये, लंडनच्या एका खानावळीत क्लबांचे प्रतिनिधी नियम करावयास बसले तेव्हा. वाद चेंडूपेक्षा लाथेचा अधिक होता. प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारण्याचा हक्क सोडण्यास ब्लॅकहीथ क्लब तयार नव्हता. खेळातले पौरुष त्यानेच टिकते, असा त्यांचा दावा. बहुमत विरुद्ध गेले, तेव्हा ते उठून गेले. ध्यानात घ्यावयाचे ते हे की, लाथ काढून टाकणारे खेळाडूच होते.

पुढे १८८८ मध्ये लीग निघाली, १८९२ मध्ये तिला दुसरी श्रेणी जोडली गेली, आणि प्रश्न उभा राहिला : खालच्याने वर कसे चढावे? उत्तर म्हणून वरच्या श्रेणीतील तळाचे आणि खालच्या श्रेणीतील अग्रणी यांचे 'कसोटी सामने' ठरले. पहिल्याच वर्षी, १८९३ मध्ये, दुसऱ्या श्रेणीचा विजेता स्मॉल हीथ हा संघ पहिल्या श्रेणीत अगदी तळाला गेलेल्या न्यूटन हीथपुढे हरला व खालीच राहिला. वर्षभराची कमाई त्या कसोटीत बुडाली. (हे न्यूटन हीथ म्हणजेच पुढचे मँचेस्टर युनायटेड.) १८९८ मध्ये तर निराळेच झाले. चार संघांच्या कसोटीतला शेवटचा सामना स्टोक आणि बर्नली यांचा. बरोबरी झाली तर दोघांनाही वरच्या श्रेणीत जागा मिळणार होती. सामना ०-० सुटला. गोल करण्याची इच्छा कोणालाच नव्हती हे प्रेक्षकांना सहज दिसले. त्यानंतर कसोटी सामनेच रद्द झाले व दोन संघ आपोआप वर, दोन खाली, अशी रीत आली.

जवळजवळ नव्वद वर्षांनी, १९८७ मध्ये, निर्णायक सामने परतले. १९९० पासून त्यांची अंतिम झुंज लंडनच्या वेंब्ली मैदानावर एकाच सामन्यात होऊ लागली. वर्षानुवर्षे तिसऱ्या-चौथ्या थरात खितपत पडलेल्या गावांना त्या मैदानावर उतरण्याचा दुसरा मार्ग क्वचितच असे. १९९९ मध्ये तिसऱ्या थराच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटी नव्वदाव्या मिनिटापर्यंत गिलिंगहॅमच्या दोन गोलांनी मागे होती. तिने दोन्ही फेडले व पेनल्टींवर बढती मिळविली. गिलिंगहॅम पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मैदानावर आले आणि जिंकले. वर चढणे मात्र सर्वस्व नव्हे, हेही गोमंतकाला ठाऊक आहे : पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो २०१५ मध्ये खाली गेला, २०१६ मध्ये दुसरी श्रेणी जिंकला, आणि तरीही वरच्या लीगमधून स्वतःच बाहेर पडला.

आता पुन्हा जाम नदीकडे. येथे शिडी नाही. पांढुर्णा जिंकले म्हणून वरच्या श्रेणीत जात नाही, सावरगाव हरले म्हणून खाली उतरत नाही. पुढच्या पोळ्याला झाड पुन्हा तेथेच. शेकडो डोकी फुटतात, डोळे जातात, माणसे मेलीही आहेत. प्रशासनाने जमावबंदी पुकारून पाहिली. एकदा दगडांऐवजी रबरी चेंडूही पुरवून पाहिले. लोकांनी चेंडू सोडून गोटे उचलले. मला त्यात हट्टापेक्षा निराळे काही दिसते. तो नियम वरून आला होता. १८६३ च्या त्या खानावळीसारखे दोन्ही काठ एकत्र बसलेच नव्हते.

ते मुळीच बसत नाहीत असे मात्र नाही. दिवस कलतो, झाड तुटत नाही, जखमी वाढतात, तेव्हा दोन्ही बाजूंची मंडळी बोलतात आणि संगनमताने झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो. स्टोक आणि बर्नलीने केले तेच हे. तिकडे ती लबाडी ठरली आणि स्पर्धाच मोडली. इकडे त्याच तडजोडीने कित्येकांचे डोळे वाचले असतील. ती संध्याकाळी होते. हीच बैठक सकाळी, पहिला गोटा सुटण्यापूर्वी, व्हावयास हरकत कोणाची आहे, हे सावरगावच्या व पांढुर्ण्याच्या जाणत्यांनाच विचारले पाहिजे.