सक्तीच्या उपचारांची कुळकथा

मनोरुग्णाला घरी राहू द्यायचे, पण त्याचे उपचार न्यायालयाच्या हुकमाने चालवायचे, या अमेरिकी प्रथेचे मूळ सुटकेच्या विचारात आहे. १९६२ साली वॉशिंग्टनच्या रस्त्यावर भरकटलेली साठीची कॅथरीन लेक पोलिसांना सापडली आणि तिची रवानगी सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात झाली. ती कुणाला इजा करणारी नव्हती. विसरायची आणि वाट चुकायची. १९६६ मध्ये न्यायमूर्ती डेव्हिड बॅझेलॉन यांनी निकाल दिला, की तिला कोंडण्याआधी कमी जाचक पर्याय आहे का, याचा शोध घेतला पाहिजे. शोध झाला, पर्याय मिळाला नाही, लेक रुग्णालयातच राहिली. पुढे १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की धोकादायक नसलेल्या आणि स्वतःला सांभाळू शकणाऱ्या माणसाला नुसते डांबून ठेवता येत नाही.

३ जानेवारी १९९९ रोजी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत केंद्रा वेबडेल हिला एका मनोरुग्णाने गाडीखाली ढकलले आणि त्याच वर्षी, कमी जाचक पर्याय म्हणून घरीच पण हुकमाने उपचार देणारा, तिच्या नावाचा कायदा त्या राज्यात झाला. त्याची मोजपट्टी वेगळी आहे. उपचार टाळल्यामुळे ३६ महिन्यांत दोनदा रुग्णालयात दाखल व्हावे लागले किंवा ४८ महिन्यांत गंभीर हिंसा घडली, तर आदेश निघू शकतो. आज धोका आहे का, याऐवजी मागचा इतिहास तोलला जातो. २००४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला, कारण आदेश मोडला तरी बळजबरीने औषध देता येत नाही. तपासणीसाठी ७२ तासांपर्यंत रुग्णालयात ठेवता येते, एवढेच. मला हा युक्तिवाद अपुरा वाटतो. पोलीस दारात येतील हे ठाऊक असलेल्या माणसाची संमती कितपत खरी?

यावर कुटुंबीय विचारतील, आजार पुन्हा उसळेपर्यंत आम्ही हातावर हात धरून बसायचे का? प्रश्न रास्त आहे, त्यांची दमछाकही खरी आहे. पण इंग्लंडमध्ये ३३३ रुग्णांवर झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा सक्तीने पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण घटलेले दिसले नाही. आणि वेबडेलला ढकलणारा तर केवळ उपचार टाळणारा नव्हता. त्याने वारंवार मदत मागितली होती, देखरेखीच्या निवासात त्याला जागा मिळाली नव्हती. म्हणून रुग्णाने उपचार नाकारले, असे सांगत जो आदेश मागायला येईल, त्याला न्यायाधीशांनी आधी विचारावे: तुम्ही नेमके काय देऊ केले होते?