मोडेमचा हाशिया

मदरशात अरबी व्याकरण शिकलेल्या माणसाला 'काफिया' हे नाव ओळखीचे असते. इब्न अल-हाजिब यांचे हे छोटेसे पुस्तक तेराव्या शतकातले. ते इतके आटोपशीर आहे की उस्तादाशिवाय उलगडत नाही. पंधराव्या शतकात मौलाना जामींनी त्यावर शरह, म्हणजे टीका लिहिली. पुढच्या लोकांनी त्या शरहवर हाशिये लिहिले. लखनौच्या नवलकिशोर प्रेससारख्या शिळाछापाच्या छापखान्यांतून निघालेली जुनी दरसी पुस्तके उघडून पाहा. मध्ये मतन म्हणजे मूळ ग्रंथ, त्याला लागून शरह, आणि कडेच्या मोकळ्या जागेत तिरक्या ओळींचा हाशिया. एका पानावर तीन शतकांतली तीन माणसे असतात आणि कोणते वाक्य कोणाचे हे विद्यार्थ्याला कळते.

ज्ञान वाढवण्याची हीच रीत काही शतकांनी एका अगदी वेगळ्या ठिकाणी दिसते. ते ठिकाण म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडणारे सुरुवातीचे सॉफ्टवेअर. हा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, आणि सांगितला तर कंपन्यांचा सांगितला जातो. खरे काम हाशिया लिहिणाऱ्यांनी केले.

१९७७ साली शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी 'मोडेम' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि तो सीपीएम वापरणाऱ्यांच्या मंडळाला देऊन टाकला. सीपीएम ही त्या काळच्या छोट्या संगणकांची प्रणाली. मोडेम हे यंत्र संगणकाचे अंक आवाजात बदलून टेलिफोनच्या तारेवर सोडते आणि पलीकडचे मोडेम त्या आवाजाचे पुन्हा अंक करते. तारेत खरखर झाली की अक्षर बिघडते. म्हणून क्रिस्टेन्सन यांनी फाइलचे १२८ बाइटचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यामागे त्याची बेरीज जोडली. बेरीज जुळली तर पलीकडचा 'पोचले' म्हणतो, नाही जुळली तर तोच तुकडा पुन्हा मागवतो. ही रीत पुढे एक्समोडेम म्हणून जगभर गेली. १९७८ च्या फेब्रुवारीत क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस यांनी शिकागोत टेलिफोनवरून जोडता येणारा संगणकावरचा पहिला सार्वजनिक सूचनाफलक सुरू केला. तेव्हाच्या वेगाने सेकंदाला जेमतेम ३० अक्षरे जात.

पण अडचण निराळीच होती. प्रत्येक कंपनीचा संगणक वेगळा. ऑस्बोर्नमध्ये मोडेमची तार ज्या क्रमांकाच्या दाराने आत येते, ते दार केप्रोमध्ये दुसरीकडेच असे. एका माणसाकडे शंभर यंत्रे नसतात, मग त्याने शंभर प्रकारे प्रोग्रॅम लिहायचा कसा? यावर निघालेला तोडगा म्हणजे ओव्हरले. मूळ प्रोग्रॅममध्ये एक जागा राखून ठेवलेली असे. ज्याच्याकडे जे यंत्र, त्याने तेवढ्या जागेपुरता छोटा तुकडा लिहायचा: माझ्या यंत्रात दार कोणते, वेग कसा बदलायचा, फोन कसा ठेवायचा. बाकी मूळ ग्रंथाला हात लावायचा नाही.

१९८० मध्ये मार्क झायगर आणि जेम्स मिल्स यांनी 'मोडेम ७' तयार केला. नंतर आयर्व्ह हॉफ यांनी त्याच्या पुढच्या आवृत्त्या सांभाळल्या, आणि रॉन फाउलर यांचा 'मेक्स' आला. मतन बदलत गेले, हाशिये वाढत गेले. कोणत्या तरी गावातला कोणी तरी शिक्षक, इंजिनिअर किंवा हौशी माणूस आपल्या यंत्रापुरती दोन-तीन पाने लिहून पाठवी आणि तेच यंत्र असलेल्या सगळ्यांचे काम होई.

आता हे तुकडे जोडायचे कसे? त्यासाठी फाउलर यांचाच 'एमलोड' नावाचा छोटा प्रोग्रॅम वापरत. त्याला सांगायचे की ही मूळ फाइल, हा ओव्हरले, दोन्ही एकत्र करून नवा प्रोग्रॅम दे. क्रमाला महत्त्व होते. आधी मूळ, मग ओव्हरले. दोन तुकडे एकाच जागी येत असतील तर नंतरचा आधीच्याला झाकून टाकी. आणि ओव्हरले ज्या आवृत्तीसाठी लिहिला त्याच आवृत्तीला लावायचा. दुसरीला लावला तर राखीव जागा सरकलेली असे आणि प्रोग्रॅम मध्येच गप्प होई. म्हणून ओव्हरलेच्या डोक्यावर टिपणी असे: कोणत्या मूळ आवृत्तीसाठी, कोणत्या यंत्रासाठी, कोणत्या तारखेला कोणी काय बदलले. नवा बदल करणारा जुन्याचे नाव पुसत नसे, त्याच्या वर आपली ओळ लिहीत असे.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका. नकलांमधून तिच्यात पाठभेद शिरले, तेव्हा १५८४ साली एकनाथांनी पाठ शुद्ध केला आणि त्यात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. टीका लिहायला त्यांची हरकत नव्हती, ती त्यांनी स्वतः भागवतावर लिहिली. हरकत होती ती मूळ आणि भर यांच्यातली रेघ पुसण्याला.

आपल्याकडे मोडेमचे युग मुंबईतून सुरू झाले. १९८६ मध्ये सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट प्रकल्प हाती घेतला. जुहूचे एनसीएसटी, बंगळूरची विज्ञान संस्था आणि पाच आयआयटी त्यात होत्या. १९८६-८७ च्या सुमारास एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात डायल-अप दुव्यावरून ई-मेल जाऊ लागली. सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमकडून, मोठ्या शहरांत. त्यातले स्वस्त 'शेल' खाते म्हणजे नुसती अक्षरे, चित्रे नाहीत. त्यावर आलेली फाइल घरच्या संगणकावर उतरवायला झेडमोडेम किंवा कर्मिट लागे. मलकापूरसारख्या शाहूवाडी तालुक्यातल्या गावातून असा फोन लावायचा तर एसटीडीचा मीटर फिरत राही. तुकडा बिघडून पुन्हा मागवावा लागला की त्याचे पैसे पडत.

यातले कर्मिट आपल्या दृष्टीने महत्त्वाचे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९८१ मध्ये फ्रँक द क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी ते सुरू केले. सीपीएमसाठीचे कर्मिट तर उघडपणे दोन भागांत असे: सगळ्या यंत्रांना समान असलेला भाग आणि यंत्रागणिक वेगळा ओव्हरले. जोडायला तोच एमलोड.

कर्मिटमध्ये आणखी एक सोय होती. त्या काळच्या कित्येक तारा अक्षराचे सातच बिट नेत, आठवा गाळून टाकत. इंग्रजीचे काही अडत नसे, कारण इंग्रजी सात बिटांत मावते. आपली अक्षरे आठव्या बिटावर उभी होती. १९९१ मध्ये मानक झालेल्या इस्की संकेतात 'क' चा क्रमांक १७९. आठवा बिट गेला की १२८ वजा होऊन उरतात ५१, आणि ५१ म्हणजे इंग्रजीतला तीनचा आकडा. क, ख, ग पाठवावे आणि पलीकडे ३, ४, ५ उतरावेत, असा हा प्रकार. कर्मिट अशा तारेवर, दोन्ही टोके तयार असतील तर, गळणाऱ्या बिटाऐवजी अक्षराच्या पुढे '&' ही खूण लावी. 'क' च्या जागी '&३' जाई, आणि पलीकडे त्याचा पुन्हा 'क' होई. उर्दू शिकवणाऱ्याला हे लगेच कळेल. बडी हे, जीम, खे यांचा आकार एकच, नुक्ता ठरवतो अक्षर कोणते. कर्मिटने तारेवरच्या अक्षराला नुक्ता दिला.

उर्दूची अडचण मात्र त्याने मिटली नाही. इस्की ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांसाठी होती, उर्दूच्या लिपीला त्यात जागा नव्हती. तिच्यासाठी वेगळा संकेत करावा लागला. एकाच घरात मराठी आणि उर्दू दोन्ही वाचणाऱ्या आपल्यासारख्या लोकांना दोन्ही लिप्या एका फाइलमध्ये सुखाने नांदायला युनिकोड रुळेपर्यंत थांबावे लागले.

मतन नेहमी दुसऱ्याचेच असेल अशी तक्रार आपल्यात वारंवार ऐकू येते. ऑस्बोर्नवाल्यानेही मूळ प्रोग्रॅम लिहिला नव्हता. त्याने आपल्या यंत्राचे दार ओळखून तेवढा तुकडा लिहिला, आणि तो तुकडा त्याच्याशिवाय शिकागोतला कोणीही लिहू शकला नसता. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी व्याकरण शिकवताना कर्त्याला 'ने' कधी लागतो हे उर्दूच्या 'ने' शी ताडून दाखवणारी चार पाने हवी असतात. 'किताब' स्त्रीलिंगी आणि 'पुस्तक' नपुंसकलिंगी, अशा शब्दांची यादी हवी असते. मूळ पाठ्यपुस्तक हे करणार नाही. हा आपला ओव्हरले, तो आपणच लिहायचा.

शिक्षक असे तुकडे लिहितातही. ते व्हॉट्सअॅपवरून फिरतात, आणि फिरता फिरता नाव गळते, साल गळते, कोणत्या इयत्तेच्या कोणत्या आवृत्तीसाठी ते लिहिले होते हे गळते. पाठ्यपुस्तक बदलते आणि जुनी यादी नव्या धड्याला चिकटवली जाते. एखाद्या बाईंनी दोन वर्षे खपून केलेले काम पाचव्या हातात पोचेपर्यंत कोणाचेच राहत नाही. मग त्यातली चूक कोणाला कळवायची, आणि पुढची भर कोणी घालायची?

क्रिस्टेन्सन २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये वारले, सूस त्याआधी २०१९ मध्ये. त्यांची नावे इतिहासात राहतील. ज्यांनी एकेका यंत्रापुरते ओव्हरले लिहिले त्यांना कोणी ओळखत नाही, पण जपून ठेवलेल्या त्या फाइली उघडल्या की पहिल्या ओळींत त्यांची नावे आणि तारखा आजही आहेत. आपल्या यादीच्या डोक्यावरही तीन ओळी असाव्यात: कशासाठी लिहिली, कधी लिहिली, कोणी लिहिली. आणि ती पुढे पाठवणाऱ्याने आपली भर घालावी, पण आधीचे नाव पुसू नये.