आगगाडीचें दार आणि उतारूचें स्वातंत्र्य

प्रवाशाच्या सुरक्षिततेसाठीं केलेले नियम त्याच्या स्वातंत्र्याला कोठपर्यंत बांधूं शकतात, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या ग्रंथांत मोठा गहन वाटतो; पण आगगाडीच्या दाराशीं तोच प्रश्न अगदीं साधें रूप घेऊन उभा राहतो. दार उघडें असावें कीं बंद, आणि बंद असल्यास किल्ली कोणाच्या हातीं असावी, एवढाच तेथें वाद. हा वाद आज पावणेदोनशें वर्षांहून अधिक जुना झाला आहे, आणि त्याचा आरंभ एका भयंकर अग्निप्रलयांत झाला.

ता. ८ मे १८४२, रविवार. फ्रान्सचा राजा लुई फिलिप याच्या उत्सवानिमित्त व्हर्साय येथील राजोद्यानांतलीं कारंजीं सोडण्यांत आलीं होतीं. तीं पाहून पॅरिसला परतणाऱ्या लोकांनीं सायंकाळची गाडी भरून गेली होती. म्यूदनजवळ पुढच्या एंजिनाचा आंस मोडला. मागचें एंजिन त्यावर आदळलें, आणि मागून येणारे लांकडी डबे भट्टीच्या निखाऱ्यांवर एकावर एक चढले. डब्यांच्या दारांना बाहेरून कुलपें घातलेलीं होतीं. पन्नासाहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. त्यांतील कित्येकांचीं प्रेतें ओळखूंही आलीं नाहींत. मृतांत द्यूमों द्युर्व्हिल हा आरमारी अधिकारी आपल्या पत्नी व पुत्रासह होता. दक्षिण ध्रुवाकडील हिमसागर धुंडाळून जो सुखरूप परतला, त्याला राजधानीजवळच्या एका सहलीनें गिळलें.

कुलपें घालण्यामागें हेतु वाईट नव्हता. गाडी थांबण्यापूर्वींच उतावळे लोक उड्या घेतात, कोणी चुकीच्या बाजूनें उतरतात, त्यांस आवरावें हाच उद्देश. फ्रान्समध्यें या अपघातानंतर ती चाल सुटली. परंतु इंग्लंडांत ग्रेट वेस्टर्न रेल्वेनें दोन्ही बाजूंचीं दारें बंद ठेवण्याचा आपला परिपाठ सोडला नाहीं. तेव्हां सेंट पॉल मंदिराचे धर्माधिकारी सिडने स्मिथ यांनीं ‘मॉर्निंग क्रॉनिकल’ पत्रांतून त्यावर हत्यार उपसलें. स्मिथ सत्तरीचे गृहस्थ, त्या मार्गानें नेहमीं प्रवास करणारे, आणि विनोदाबद्दल सर्व देशांत प्रख्यात. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, मूठभर मूर्खांच्या उडीसाठीं सर्व शहाण्यांना कोंडून ठेवणें हा न्याय नव्हे. शिवाय सुटकेचा मार्गच नाहीं या नुसत्या कल्पनेनें मनुष्याला जी यातना होते तिचाही हिशेब व्यवस्थापकांनीं धरला पाहिजे. एखादा बिशप डब्यांत जळाल्याखेरीज कंपनीचे डोळे उघडावयाचे नाहींत, असा टोलाही त्यांनीं आपल्याच धर्मबांधवांवर मारला. त्या विनोदाखालीं कटु सत्य होतें: सामान्यांच्या मरणानें नियम बदलत नाहींत, प्रतिष्ठितांच्या मरणानें बदलतात.

या सत्याचा पुरावा त्याच रेल्वेवर चारपांच महिन्यांपूर्वींच मिळाला होता. २४ डिसेंबर १८४१ रोजीं सॉनिंगच्या खिंडींत दरड कोसळून एक मालगाडी तीवर आदळली. तिला जोडलेल्या, कठडे अगदीं ठेंगणे असलेल्या उघड्या वाघिणींत तिसऱ्या वर्गाचे उतारू बसविलेले होते. त्यांत बरेचसे नाताळासाठीं घरीं निघालेले पाथरवट होते. ते बाहेर फेंकले गेले व आठनऊ जण मेले. म्हणजे एकाच कंपनीच्या राज्यांत श्रीमंताला सुरक्षिततेच्या नांवानें कुलपांत घालीत, आणि गरिबाला पडण्याचें पूर्ण स्वातंत्र्य देत! पुढें १८४४ च्या कायद्यानें तिसऱ्या वर्गासही छप्पर, बैठक व मैलाला एक पेनी हें भाडें मिळालें, तें या अपघाताचेंच फळ होय.

यानंतर वादाला निराळें वळण लागलें. १८६४ च्या जुलैंत लंडनच्या एका गाडींत टॉमस ब्रिग्ज या पेढीवरील वृद्ध अधिकाऱ्याचा खून झाला. त्या काळीं प्रत्येक खण स्वतंत्र असे. दोन स्थानकांमध्यें आंत काय चाललें आहे तें शेजारच्या खणासही कळत नसे. या खुनानें लोक इतके भ्याले कीं, कांहीं कंपन्यांनीं खणांमधील भिंतींत लहान झरोके पाडले. पण परक्याच्या नजरेखालीं प्रवास करणें अनेकांस रुचेना. एकांत हवा आणि संरक्षणही हवें, अशा पेंचांतून १८६८ च्या कायद्यानें वाट काढली. वीस मैलांहून अधिक अंतर न थांबतां जाणाऱ्या प्रत्येक गाडींत उतारूस गार्डाला इशारा देण्याचें साधन असावें, आणि सबळ कारणावांचून तें वापरणारास पांच पौंडांपर्यंत दंड व्हावा, असें ठरलें. आपल्या डब्यांतील सांखळीचा उगम हाच. हिंदुस्थानच्या १८९० च्या रेल्वे कायद्यांत अशा गैरवापराला पन्नास रुपयांपर्यंत दंड होता. १९८९ च्या कायद्यांत तो एक हजारापर्यंत गेला व कैदेचीही तरतूद झाली.

कुलूप आणि सांखळी या दोहोंतला भेद लक्षांत घेण्याजोगा आहे. दोन्हीं सुरक्षिततेसाठींच, पण कुलूप उतारूला अजाण मूल समजतें, आणि सांखळी त्याला जबाबदार नागरिक समजते. सांखळी त्याच्या हातीं शक्ति देते, आणि तिच्या दुरुपयोगाबद्दल त्यालाच उत्तरदायी धरते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, खरी सुरक्षितता कुलपानें कधींच आणली नाहीं. व्हर्सायच्या अपघातानंतर आंस कां मोडतात याचा रँकिनसारख्या एंजिनियरांनीं अभ्यास केला, त्यानें ती आणली. १२ जून १८८९ रोजीं आयर्लंडांत आर्माजवळ सहलीला निघालेल्या मुलांच्या गाडीचे डबे उतारावरून मागें घसरून मागून येणाऱ्या गाडीवर आदळले, सुमारें ऐंशीं जीव गेले. त्या वेळींही दारांना कुलपें होतीं. त्यानंतर पार्लमेंटनें त्याच वर्षीं कायदा करून उतारूंच्या गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे केले. उतारूला कोंडणें स्वस्त होतें. ब्रेक महाग होते. कंपन्यांनीं स्वस्त उपाय आधीं कां योजिला, हें सांगावयास नको.

मुंबईच्या उपनगरी गाड्यांपुढें हाच प्रश्न आतां उलट्या बाजूनें आला आहे. तेथें दारें उघडीं, आणि माणसें दारांत लोंबकळतात. डिसेंबर २०१७ मध्यें आपोआप मिटणाऱ्या दारांची वातानुकूल गाडी पश्चिम रेल्वेवर प्रथम धांवली. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ दारांतील उतारू खालीं पडून कांहीं जण मृत्यु पावले. तेव्हां नव्या साध्या गाड्यांनाही मिटणारीं दारें बसविण्याचें रेल्वेखात्यानें जाहीर केलें. मात्र त्यांत हवेसाठीं दारांना फटी, छतावर वायुवीजनाचीं यंत्रें आणि डब्यांडब्यांतून जाण्याची वाट यांची योजना आहे. जी चिंता स्मिथ यांना छळीत होती, तिची येथें दखल घेतलेली दिसते.

परंतु दारांत लोंबकळणारा मनुष्य स्वातंत्र्याचा उपभोग घेत असतो काय? मिल्लनें १८५९ च्या आपल्या निबंधांत म्हटलें आहे कीं, पूल धोक्याचा आहे हें ठाऊक नसतां त्यावर पाऊल टाकणाऱ्यास अडविलें तर त्याचें स्वातंत्र्य हरण होत नाहीं, कारण त्याला पाण्यांत पडावयाचें नसतेंच. लोंबकळणाऱ्याला धोका ठाऊक असतो. पण कामावर वेळेवर पोंचण्याचा दुसरा पूलच त्याला दिलेला नसतो. दार मिटलें आणि गाड्या वाढल्या नाहींत, तर तो फलाटावर उभा राहील. अपघात टळेल, पण नियमाचा सारा भार पुनः त्याच्याच खांद्यावर पडेल.

म्हणून प्रवासाच्या कोणत्याही नियमाला दोन प्रश्न विचारावेत: संकटकाळीं बाहेर पडण्याचें साधन उतारूच्या हातीं ठेविलें आहे काय? आणि नियम करणारानें आपल्या वांट्याचा खर्च उचलला आहे काय? दोहोंचें उत्तर होकारार्थी असेल तर मिटलेल्या दाराबद्दल तक्रार करण्याचें कारण नाहीं. एकाचेंही नकारार्थी असेल, तर तें दार म्यूदनच्याच गाडीचें समजावें.