सैल कवळी

सैल कवळी म्हणजे बोलताना, चावताना किंवा खोकताना जागेवरून हलणारी, उचलली जाणारी अथवा हिरडीवर घासणारी कृत्रिम दंतपंक्ती होय. सर्व किंवा बहुतेक दात गेलेल्या व्यक्तीसाठी कवळी तयार केली जाते. ती हिरडीचा आणि टाळूचा ठसा घेऊन बनवतात, त्यामुळे तिचे माप ठसा घेतलेल्या दिवसाचे असते. पुढे जबड्याचे हाड झिजत राहते. कवळीचा आकार मात्र तोच राहतो. म्हणून पूर्वी नीट बसणारी कवळी सैल होणे हा नेहमीच बनावटीचा दोष नसतो.

कारणे

दाताची मुळे ज्या हाडात रुतलेली असतात, त्या हाडाला चावण्याच्या ताणामुळे टिकून राहण्याची चालना मिळते. दात काढल्यावर ती चालना थांबते आणि हाडाचा उंचवटा हळूहळू खाली बसतो. पहिल्या वर्षात ही झीज सर्वांत वेगवान असते. त्यानंतर तिचा वेग मंदावतो, पण ती थांबत नाही. कवळी वापरणाऱ्या रुग्णांचा २५ वर्षे पाठपुरावा करणारा टालग्रेन यांचा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खालच्या जबड्याची झीज वरच्या जबड्याच्या सुमारे चौपट आढळली.

वरची कवळी संपूर्ण टाळू झाकते. कवळी आणि टाळू यांमधील लाळेच्या पातळ थरामुळे व कडांच्या घट्ट बंदिस्तीमुळे ती धरून राहते. खालच्या कवळीला आधार देणारे क्षेत्र वरच्याच्या जवळजवळ निम्मेच असते, शिवाय जीभ आणि गालाचे स्नायू तिला सतत हलवत असतात. त्यामुळे बहुतेक रुग्णांची तक्रार खालच्या कवळीबद्दल असते. लाळ कमी होणे, वजन घटणे, कवळीचे दात झिजणे आणि दोन्ही जबड्यांची मिटण्याची जागा बदलणे यांमुळेही कवळी ढिली पडते. काही औषधांनी तोंड कोरडे पडते, तेव्हाही कवळी नीट धरत नाही.

परिणाम

पूर्ण कवळी वापरणाऱ्याच्या चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही कमी असतो. कवळी सैल असल्यास तो आणखी घटतो. ज्वारीची भाकर, हरभरा, भुईमूग, कच्चा कांदा आणि हिरव्या भाज्या ताटातून वगळल्या जातात. वरणात कुस्करलेली भाकर किंवा ज्वारीच्या कण्या यांवरच भागवले जाते. आहार एकसुरी झाल्याने प्रथिने आणि तंतुमय पदार्थ कमी पडण्याची शक्यता असते. चारचौघांत बोलताना किंवा पंगतीत जेवताना कवळी निसटेल या भीतीने वृद्ध व्यक्ती अशा प्रसंगांपासून दूर राहू लागते.

हलणाऱ्या कवळीच्या घर्षणाने हिरडीवर व्रण पडतात. कवळी दुरुस्त केल्यावर किंवा काही दिवस काढून ठेवल्यावर असा व्रण भरून येतो. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा किंवा गाठ आढळल्यास तपासणी आवश्यक असते. विदर्भात तंबाखू आणि खर्रा यांचे सेवन व्यापक आहे. तंबाखूने मुखकर्करोगाचा धोका वाढतो, आणि ‘कवळी लागली असेल’ या समजुतीत त्याचे पहिले लक्षण दुर्लक्षिले जाऊ शकते.

उपचार

पहिला उपाय म्हणजे दंतवैद्याकडून कवळीच्या कडा आणि दातांची मिटणी तपासून घेणे. माप थोडेच बदललेले असेल तर कवळीच्या आतील बाजूस नवा थर चढवतात. त्याला रिलाइनिंग म्हणतात. कवळीचे दात चांगले असून तळ बदलणे आवश्यक असेल तर रिबेसिंग करतात. दात झिजले असतील किंवा हाड बरेच खाली गेले असेल तर नवी कवळी तयार करावी लागते. नव्या कवळीसाठी साधारणपणे पहिला ठसा, अंतिम ठसा, जबड्याचे माप, मेणातील चाचणी आणि कवळी बसवणे अशा पाच भेटी लागतात. त्यानंतर बोचणाऱ्या जागा घासून देण्यासाठी आणखी एक-दोन भेटी होतात.

कवळी चिकटवण्याची क्रीम किंवा पावडर तात्पुरती मदत करते, परंतु झिजलेल्या हाडाची जागा ती भरून काढत नाही. जस्त असलेली क्रीम दीर्घकाळ अति प्रमाणात वापरल्यास शरीरातील तांब्याचे प्रमाण घटून मज्जातंतूंना इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आढळतात. तुटलेली कवळी घरगुती गोंदाने जोडल्यास तिचे माप बिघडते आणि पुढची दुरुस्ती अवघड होते.

दात बसवण्याचे अन्य पर्याय

काही दात शिल्लक असल्यास काढता-घालता येणारी अर्धवट कवळी किंवा शेजारच्या दातांवर बसवलेला पक्का ब्रिज हे पर्याय असतात. ब्रिजसाठी शेजारचे दात घासून लहान करावे लागतात.

दंतरोपण म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात लावणे. टायटॅनियम आणि हाड यांचा घट्ट संयोग स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशांवरील प्रयोगांत आढळला. १९६५ मध्ये त्यांनी मानवी रुग्णावर पहिले रोपण केले. संपूर्ण दातांसाठी नेहमीच अनेक रोपणे लागत नाहीत. २००२ मध्ये मॅकगिल विद्यापीठातील तज्ज्ञांच्या परिषदेने, दातविरहित खालच्या जबड्यासाठी दोन रोपणांवर अडकवलेली कवळी हा प्रथम पसंतीचा उपचार असल्याचे मत मांडले. ही कवळी रात्री काढता येते. पारंपरिक पद्धतीत रोपण हाडात पक्के होण्यास तीन ते सहा महिने लागतात. अनियंत्रित मधुमेह, धूम्रपान आणि जबड्यावर झालेले रेडिएशन उपचार यांमुळे अपयशाचा धोका वाढतो.

वऱ्हाडातील उपलब्धता

तेल्हारा हे अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. अकोला आणि अमरावती येथे दंत महाविद्यालये आहेत. विदर्भातील शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय १९६८ पासून नागपूर येथे कार्यरत आहे. महाविद्यालयीन रुग्णालयात खर्च तुलनेने कमी असला, तरी पाच-सहा फेऱ्यांचे प्रवासभाडे, बुडणारी मजुरी आणि सोबत येणाऱ्या माणसाचा दिवस हाही उपचाराचा खर्च ठरतो. पेरणी किंवा कापूस वेचणीच्या हंगामात भेटी अर्धवट राहण्याची शक्यता अधिक असते. म्हणून पहिल्याच भेटीत एकूण फेऱ्या, खर्च आणि पुढील दुरुस्तीची सोय विचारून घेणे उपयुक्त ठरते.

आठवडी बाजारात वा रस्त्याकडेला एका बैठकीत ‘पक्के दात’ बसवून देणारे अनोंदणीकृत कारागीर लवकर घट्ट होणारे ॲक्रिलिक आणि तार वापरून कृत्रिम दात शेजारच्या दातांना जखडतात. असे दात काढून स्वच्छ करता येत नाहीत; त्याखाली अन्न कुजते आणि चांगले दातही सैल होतात. कायद्यानुसार दंतव्यवसायासाठी नोंदणी आवश्यक आहे.

निगा

कवळी दररोज मऊ ब्रश आणि साध्या साबणाने धुतात. टूथपेस्टने तिच्यावर ओरखडे पडतात. रात्री ती काढून साध्या पाण्यात ठेवल्याने हिरडीला विश्रांती मिळते आणि बुरशीचा संसर्ग टळण्यास मदत होते. उकळत्या पाण्याने ॲक्रिलिक वाकते. धुताना खाली पाण्याचे भांडे किंवा ओला टॉवेल ठेवल्यास हातातून निसटलेली कवळी फुटत नाही. एकही दात नसला तरी वर्षातून एकदा तोंडाची तपासणी करून घेण्याचा सल्ला दिला जातो.