आंधळगाव परिसरातील सरपण : हंगाम आणि हक्क

आंधळगाव हे भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील विणकरांचे जुने गाव. शेतकऱ्याच्या घरी सरपणाची निम्मी गरज शेत आणि गोठा भागवत असे. तुराट्या, पऱ्हाट्या, बांधावरच्या बाभळीच्या फांद्या आणि उन्हाळ्यात थापलेल्या गोवऱ्या यांवर बरीच चूल चाले. ज्या कोष्टी घराकडे शेत नव्हते आणि गुरेही नव्हती, तिथे यातले काहीच नसे. त्याला लाकूड रानातून आणावे लागे किंवा विकत घ्यावे लागे, आणि लागेही जास्त. स्वयंपाक व न्हाणीच्या चुलीखेरीज ताण्याला पाजण करण्यासाठी खळ शिजवायची, सूत रंगवायचे आणि टसर रेशमाचे कोसे उकळायचे ही कामेही आगीवरचीच.

कोशाच्या कामात लाकडाची ओल लगेच अंगाशी येते. टसरचा कोसा टणक असतो आणि नुसत्या पाण्यात तो सुटत नाही. म्हणून तो राखेच्या, पुढे सोड्याच्या, क्षारयुक्त पाण्यात बराच वेळ उकळावा लागतो. आच सारखी राहिली तर डिंक मऊ पडून धागा सलग निघतो, जाळ मधेच बसला तर कोसा अर्धवट राहतो आणि धागा तुटत जातो. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात कधीकधी निम्म्यापर्यंत पाणी असते. ते वाफ होऊन जाईपर्यंत आगीची बरीचशी उष्णता त्यातच खर्ची पडते. जाळ थंड राहतो, लाकडातले वायू पुरते जळत नाहीत आणि त्यांचा धूर होतो. पाण्याचे प्रमाण वीस टक्क्यांच्या आत आले की लाकूड चुलीजोगे झाले असे मानतात.

वाळवणीचे वेळापत्रक या भागात हवामानानेच ठरवून दिलेले आहे. पानगळ झाली की तोड करायची, फाल्गुनात लाकूड फाडायचे आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात पसरून ठेवायचे. पारा ४५ अंशांकडे सरकणारा तो काळ. मृग लागण्याआधी सारे सांदवाडीतून (परसातून) उचलून सपरीत किंवा छपराखाली रचले गेले पाहिजे, कारण त्यानंतरच्या चार महिन्यांत बाहेर काहीच वाळत नाही. रचताना खाली दगड किंवा आडवी लाकडे घालतात, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही आणि वाळवीही उशिरा लागते. अख्खे ओंडके एका उन्हाळ्यात आतपर्यंत वाळत नाहीत, म्हणून फाडणे महत्त्वाचे. पाणी साल भेदून सहजी निघत नाही, ते कापलेल्या टोकांतून आणि फाडलेल्या अंगातून जाते. वाळलेल्या फाकेच्या टोकाला तारेसारख्या चिरा पडलेल्या असतात, साल सुटू लागते आणि दोन फाका एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज येतो. ओल्याचा आवाज बद्द येतो.

झाडांची पारखही पक्की होती. धावडा, ऐन, तेंदू आणि बाभूळ यांचा निखारा टिकतो. सालई, मोई, सावर लवकर वाळतात, पण भुर्रकन जळून जातात, त्यामुळे त्यांचा उपयोग चूल पेटवण्यापुरता. मोह फुलांसाठी आणि टोळीसाठी (बियांसाठी) राखला जाई. ऐनाची गोष्ट मात्र अवघड होती. टसरचा किडा मुख्यतः ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर पोसला जातो, आणि ते कोसे उकळायला लागणारे उत्तम जळतनही ऐनाचेच. ऐनाचे रान तोडले तर माग आणि चूल दोन्हींचे नुकसान, हे कोसा पाळणाऱ्या ढिवरांनाही ठाऊक होते.

मुळात हे लाकूड कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर दीडशे वर्षांत अनेकदा बदलले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली आणि त्यानंतरच्या जमाबंदीत मालगुजारांना गावाची मालकी मिळाली. गावाच्या गरजेपेक्षा जास्त ठरलेले जंगल सरकारकडे गेले, उरलेले मालगुजाराकडे राहिले. रयतेचे जुने वहिवाटी हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात नोंदले गेले. त्यांनाच निस्तार म्हणतात. घरापुरते जळतन, चराई, शेतीच्या अवजारांचे लाकूड असे हे हक्क होते, विक्रीची मुभा मात्र नव्हती. जळतनाच्या बाबतीत साधारण नियम असा की वाळलेले आणि पडलेले लाकूड घ्यावे, उभ्या हिरव्या झाडाला हात लावू नये. वाळकेपणा हा एरवी लाकडाचा गुण, इथे तो हक्काची सीमा झाला, आणि या विषयाच्या इतिहासात सर्वांत मोलाची बाब हीच आहे. गरिबाला कायद्याने मिळणारे लाकूड आणि चुलीला चांगले असणारे लाकूड एकच होते, तोवर व्यवस्था बरी चालली. रानातले पडीक लाकूड कमी होऊ लागले तेव्हा झाडाच्या बुंध्याची साल गोल सोलून ते उभ्या उभ्या वाळवण्याची पळवाटही त्याच नियमातून निघाली.

१८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी राखीव जंगलातील बंधने कडक केली. त्यांविरुद्धची चीड १० जुलै १९३० रोजी पुसदच्या जंगल सत्याग्रहात प्रकट झाली. लोकनायक बापूजी अणे यांनी तिथे सरकारी जंगलातले गवत कापून कायदा मोडला.

मालगुजारी ३१ मार्च १९५१ पासून संपली. कायदा येणार हे आधीच कळल्यामुळे अनेक मालगुजारांनी मध्य प्रांतभर आपली जंगले घाईने तोडून विकली. विधायक हेतूच्या कायद्याने गावालगतच्या रानाचे इतके नुकसान व्हावे, ही खेदाची गोष्ट आहे. वाचलेले जंगल वनखात्याकडे गेले. विरळ, खुरटे राहिलेले महसूल दप्तरी ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदले गेले, आणि मोळीवाल्या बायकांची पायपीट बहुतेक त्याच रानात होत राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, पण निस्ताराचे कागद जुन्या प्रांताचेच राहिले. वनखाते आगारातून जळाऊ लाकडाची बिटे विकू लागले, तरी बीट कधी तोडले आणि कधी हाती पडले यावर त्याची ओल अवलंबून असे.

१९८० चा वनसंवर्धन कायदा आणि सर्वोच्च न्यायालयाचा १२ डिसेंबर १९९६ चा आदेश यांनी तोडीवरची बंधने आणखी आवळली. २००६ च्या वनहक्क कायद्याने निस्ताराला सामूहिक हक्क म्हणून नाव घेऊन मान्यता दिली. गौण वनोपजांच्या व्याख्येत झुडपांच्या काटक्या आणि खुंटही घातले. २२ मे २०२५ च्या निकालात न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच मानले.

२०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर गॅस घरोघर पोचला, तरी टाकी पुन्हा भरण्याचा खर्च झेपत नाही तिथे चूल पेटतेच. न्हाणीचे पाणी, लग्नाचा स्वयंपाक आणि कोशाचे मडके यांसाठीही लाकूड लागते. ते मिळते बांधावरच्या बाभळीतून, पाडलेल्या जुन्या घरांच्या वाशांतून किंवा लाकडाच्या टालवरून. पूर्वी सौदा मोळीवर किंवा बैलगाडीवर होई, त्यामुळे ओलीचा तोटा विकणाऱ्याच्याच पाठीवर आणि बैलांवर पडे. टालवर तो किलोवर होतो, म्हणजे ओले लाकूड घेणारा पाण्याचेही पैसे मोजतो. म्हणून जाणते गिऱ्हाईक खरेदी वैशाखातच उरकते आणि वजन करण्याआधी टोकाच्या चिरा पाहून घेते.