वारल्यांच्या गोदूताई

मंडळाच्या स्मरणिकेत मीही चार ओळी लिहाव्यात असा भगिनींचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चुकले तर सांभाळून घ्यावे. पण गोदावरीबाई परुळेकरांविषयी लिहावे असे फार दिवस मनात होते.

पुण्याच्या गोखले वकिलांची ही मुलगी, जन्म १९०७ चा. स्वतःही वकिलीची परीक्षा पास झाली. १९३२ साली सत्याग्रहात तुरुंगात गेली, ते वडिलांना रुचले नाही. तरी तिने माघार घेतली नाही. पुढे श्यामराव परुळेकरांशी विवाह झाला आणि १९४५ साली दोघे ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या पाड्यांवर गेली.

तेथे काय चालले होते? जमीनदाराकडे फुकट राबायचे, त्याला वेठ म्हणत. लग्नासाठी कर्ज काढले की नवरानवरी दोघेही सावकाराच्या दारी गुलाम; त्यांना 'लग्नगडी' असे नाव होते. माझ्या आजेसासूबाई अशा गोष्टी सांगत, तेव्हा मला त्या अतिशयोक्ती करतात असे वाटे. गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक वाचले आणि मनात त्यांची क्षमा मागितली.

२३ मे १९४५ रोजी झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असे ठरले. मग गवत कापणीच्या मजुरीसाठी संप झाला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, एवढेच मागणे! १० ऑक्टोबरला तलवाड्यास बाईंच्या जिवाला धोका आहे अशी आवई उठली. बाई तेथे नव्हत्याच. पण त्यांना वाचवायला माणसे काठ्या घेऊन धावली. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. बाईंना जिल्ह्यातून हद्दपार केले. तुरुंग तर इंग्रजांच्या राज्यात आणि स्वातंत्र्यानंतरही त्यांच्या वाट्याला आला. आपल्याच राज्यात तुरुंग, हे मला अजून उमगत नाही.

त्या पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बाई १९९६ साली वारल्या.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईस शेतकऱ्यांचा पायी मोर्चा गेला, त्यात आपल्या सुरगाण्याच्या कितीतरी बाया होत्या. माझी जाऊही होती. परतल्यावर तिच्या तळपायाच्या फोडांना हळद-तेल लावता लावता मी तिला गोदूताईंची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "आधी का नाही सांगितलीस? वाटेत सगळ्यांना सांगितली असती."