खोटी विमाने, खरी माणसे

१९६९ सालचा 'बॅटल ऑफ ब्रिटन' हा चित्रपट मी तरुणपणी पाहिला आणि पुढे वर्गात दुसरे महायुद्ध शिकवताना त्यातली दृश्ये रंगवून सांगत असे. "जर्मन विमाने अशी होती बरं का," असे ठासून सांगायचो. निवृत्तीनंतर खरी हकीकत वाचनात आली आणि ओशाळलो.

उडण्याजोगी जर्मन विमाने तोवर फारशी उरलीच नव्हती. म्हणून मेसरश्मिट आणि हाइंकेल म्हणून उडवली ती स्पेनमध्ये बांधलेली, तिथल्या हवाई दलाची विमाने. गंमत म्हणजे त्या 'मेसरश्मिट'मध्ये रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन होते. म्हणजे ब्रिटिशांच्या स्पिटफायरचेच!

सूर मारून बॉम्ब टाकणारी स्टुका विमाने तर मिळालीच नाहीत. मग रेडिओवर चालणाऱ्या मोठ्या प्रतिकृती केल्या. जमिनीवर उभ्या माणसाने त्या उडवायच्या आणि पाडायच्याही.

प्रतिकृती पडली तर फार तर लाकूड मोडते. पण १८ ऑगस्ट १९४० या एका दिवसात खरी स्टुका मोठ्या संख्येने पडली आणि प्रत्येकात दोघे जण असत. वर्गात मी विमान पाडले की मुले टाळ्या वाजवत. मी कधी थांबवले नाही. चित्रपटातली विमाने खोटी होती हे मला ठाऊक नव्हते. खऱ्या विमानांत माणसे होती हे तर ठाऊक होते ना?

असो. माझे कोणी विद्यार्थी हे वाचत असतील, तर एवढी दुरुस्ती वहीत करून घ्यावी.